जखम भरली, आता वणाचं काय?

गोदाकाठ

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. जखमेबद्दल लोक खूप विचारतात, वणाबद्दल जवळजवळ कोणीच नाही. ड्रेसिंग सुटलं, खपली पडली, कातडी बंद झाली की घरच्यांना हायसं वाटतं आणि दवाखान्याच्या फेऱ्या थांबतात. वण घडायला सुरुवात नेमकी तेव्हाच झालेली असते. पुढच्या सहा ते बारा महिन्यांत जे करू ते खूप उपयोगी पडतं. तीन-चार वर्षांनी कोणी आखडलेलं कोपर घेऊन येतं तेव्हा आमच्या हातात फारसं उरलेलं नसतं, मग शस्त्रक्रियाच. म्हणून हा धागा.

आत काय घडतं ते आधी सांगते, कारण उपाय त्यावरूनच ठरतात. जखम झाली की रक्त गोठतं. पहिले काही दिवस सूज असते आणि पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी गोळा होऊन कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं तंतूंसारखं प्रथिन, तयार करू लागतात. शरीराला घाई असते ती भोक बुजवायची, दिसण्याची नव्हे. निरोगी त्वचेत कोलॅजनचे तंतू बाजेच्या सुंभासारखे उलटसुलट विणलेले असतात. वणात ते बरेचसे एकाच दिशेने, दाटीवाटीने पडतात. म्हणून वण कडक लागतो. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी तिथे पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे त्यावर केस उगवत नाहीत आणि घामही येत नाही.

सुरुवातीचं कोलॅजन (प्रकार ३) कच्चं असतं. तीनेक आठवड्यांनंतर ते मोडून त्या जागी पक्कं कोलॅजन (प्रकार १) येऊ लागतं. हे काम वर्षभर, कधी दोन वर्षंही चालतं. तिसऱ्या आठवड्यात त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी असते आणि पूर्ण पिकलेल्या वणातही ती ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. या काळात कोलॅजन बनण्याचा वेग मोडण्याच्या वेगापेक्षा जास्त राहिला की वण लाल, जाड होऊन वर उठतो आणि खाजतो. आणखी एक गोष्ट, जी माझ्या कामात सगळ्यात महत्त्वाची: या फायब्रोब्लास्ट पेशींपैकी काहींमध्ये स्नायूसारखी आकसण्याची शक्ती येते. जखम लहान व्हावी म्हणून ही सोय आहे, पण जखम सांध्यावर असेल तर सांधाच ओढला जातो.

भाजण्याच्या जखमेबाबत एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. दोन आठवड्यांत भरली तर वण सहसा उठत नाही. तीन आठवड्यांच्या पुढे रेंगाळली तर उठण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणूनच तीन आठवड्यांत भरणार नाही असं दिसलं की डॉक्टर त्वचारोपण (दुसऱ्या जागची कातडी काढून तिथे बसवणं) सुचवतात. त्याला घाबरून "आपोआप भरेल" म्हणत थांबू नका.

प्रश्न असतील तर विचारा.

पाऊलखुणा

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी गरम इस्त्रीवर उजव्या हाताचा तळवा टेकला. जवळच्या दवाखान्यात ड्रेसिंग केलं. भरायला महिनाभर लागला. "लहान मूल आहे, वाढेल तसं सगळं सुटेल," असं सांगितलं गेलं. आता करंगळी आणि अनामिका पूर्ण सरळ होत नाहीत. ओढून सरळ केल्या तर रडतो. खरंच आपोआप सुटेल का?

गोदाकाठ

@पाऊलखुणा, नाही, आपोआप सुटणार नाही. उलट मुलांमध्ये हाडं वाढतात आणि वण त्या वेगाने वाढत नाही, त्यामुळे बोटं आणखी वाकत जातात. याच आठवड्यात प्लास्टिक सर्जनला दाखवा आणि जिथे हाताची थेरपी होते अशाच ठिकाणी जा. दोन महिनेच झालेत, वण अजून कच्चा आहे, म्हणजे स्प्लिंटने (बोटं सरळ धरून ठेवणाऱ्या साच्याने) बराच फरक पडू शकतो.

तळवा भाजलेल्या मुलांना आम्ही प्लास्टिकचा साचा बनवून देतो. त्यात तळवा उघडा, बोटं सरळ आणि एकमेकांपासून फाकलेली राहतात. हे प्लास्टिक गरम पाण्यात मऊ होतं, त्यामुळे हाताच्या मापाने घडवता येतं. मुलांना तो झोपेत घालायचा. पहिल्या दोन-तीन रात्री कुरकुर होते, मग सवय लागते. दिवसा हात वापरू द्या: मोठा चेंडू दोन्ही हातांनी ढकलणं, भिंतीवर तळव्याला रंग लावून ठसे उमटवणं, टाळ्या. मूल वाढेल तसं स्प्लिंट बदलावं लागतं, म्हणून फेऱ्या चुकवू नका.

घरी बोटं जोर लावून ओढू नका. वण फाटला तर नवी जखम, आणि नव्या जखमेचा पुन्हा नवा वण. आधी तेल लावून मऊ करा, मग हळूहळू ताण द्या आणि ताण धरून ठेवा. झटके नकोत.

निशिगंध

मला सिझेरियनच्या टाक्यांबद्दल विचारायचंय. तीन महिने झाले. रेष गुलाबी आहे, एका बाजूला थोडी उचललेली वाटते आणि रात्री जबरदस्त खाज सुटते. हे केलॉइड असेल का?

आणि भाजल्यावर शाई, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस असं काय काय लावतात आमच्याकडे. त्याबद्दलही लिहाल का?

गोदाकाठ

@निशिगंध, तीन महिन्यांत वण लाल, खाजरा आणि थोडा उठलेला असणं बऱ्याच जणींच्या बाबतीत दिसतं. रेषेच्या हद्दीतच असेल तर ते केलॉइड (जखमेची हद्द ओलांडून पसरणारा वण) नाही, त्याला हायपरट्रॉफिक वण म्हणतात. तो बहुधा पहिल्या एक-दोन महिन्यांत उठायला लागतो, काही महिने वाढतो आणि नंतर वर्ष-दोन वर्षांत बऱ्यापैकी बसतो.

सिलिकॉनची पट्टी मिळते, ती वापरा. सुरुवातीला रोज तीन-चार तास, मग वाढवत दिवसाचे किमान बारा तास, आणि हे दोन-तीन महिने तरी. रोज साध्या साबणाने धुवून वाळवून तीच पट्टी पुन्हा वापरता येते. सिलिकॉन आत मुरत नाही. त्याच्याखाली त्वचेतली ओल टिकते आणि वरचा थर कोरडा पडला नाही की कोलॅजन बनवायचा इशाराही मंदावतो, असं मानलं जातं. उन्हाळ्यात पट्टीखाली घामोळं येतं. मग काही दिवस पट्टी बंद ठेवून सिलिकॉनचं जेल लावा. पट्टी परवडत नसेल तर कागदी चिकटपट्टी, औषधांच्या दुकानात मिळणारी साधी, रेषेच्या दिशेने लावून ठेवली तरी उपयोग होतो. सिझेरियनच्याच वणांवर बारा आठवडे ती लावून अभ्यास झालेला आहे आणि ज्यांनी लावली त्यांचे वण कमी उठले. पट्टी वणावरचा ताण कमी करते.

खाजेसाठी बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चारदा लावा. दूध पाजत असाल तर खाजेची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: भाजल्यावर पहिली गोष्ट म्हणजे नळाचं वाहतं साधं पाणी, सलग वीस मिनिटं. वीस मिनिटं खूप वाटतात, पण घड्याळ लावूनच धरा. लगेच जमलं नाही तर तीन तासांच्या आत केलं तरी फायदा होतो. मोठा भाग भाजला असेल, विशेषतः लहान मूल असेल, तर बाकीचं अंग पांघरुणात गुंडाळून ऊबदार ठेवा. बर्फ नको, त्याने उरलीसुरली त्वचाही मरते. शाई आणि टूथपेस्टने जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसतच नाही, आणि ती खरवडून काढताना त्या लेकराला काय वेदना होतात हे मी रोज बघते. कृपया लावू नका. अंगठी, बांगड्या, करगोटा लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत.

सह्यकडा

माझ्या छातीवर मधोमध बारावीत असताना एक पुळी आली होती. ती गेली पण तिथे कडक गाठ राहिली. वाढत वाढत आता दोन बोटं रुंद झालीय, शर्ट घासला तरी ठणकते. तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी कापून काढली. सहा महिन्यांत दुप्पट होऊन परत आली. आईच्या खांद्यावरही असंच आहे. यावर काहीच उपाय नाही का? उन्हाळ्यात पोहायला जायचं बंद केलंय मी.

अंजनवेल

त्वचारोगतज्ज्ञ आहे, सोलापूरला. गोदाकाठ यांनी छान सुरुवात केलीय, हा प्रश्न मी घेतो.

@सह्यकडा, तुमचं वर्णन केलॉइडचं आहे, पण निदान बघूनच करायला हवं. हायपरट्रॉफिक वण जखमेच्या हद्दीत राहतो, केलॉइड हद्द ओलांडून निरोगी कातडीत पसरतो आणि आपण होऊन बसत नाही. छातीचा मधला भाग, खांदे, दंडाचा वरचा भाग, कानाची पाळी, जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा. सावळ्या त्वचेत जास्त, दहा ते तिशीच्या वयात जास्त, आणि घराण्यात चालत येतो. तुमच्या आईचा उल्लेख म्हणून महत्त्वाचा आहे. बीसीजीची लस डाव्या दंडावर ज्या जागी देतात तिथेही काहींना येतो.

नुसता कापला तर तो निम्म्याहून जास्त लोकांत परत येतो, आणि बऱ्याचदा आधीपेक्षा मोठा होऊन. तुमच्या बाबतीत झालं ते यामुळेच. कापायचाच असेल तर सोबत दुसरा उपचार आधीच ठरलेला हवा.

पहिला उपचार म्हणजे गाठीच्या आत ट्रायॅमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं, दर चार ते सहा आठवड्यांनी. पहिल्या एक-दोन वेळा खूप दुखतं, कारण गाठ दगड झालेली असते आणि औषध आत शिरत नाही. आम्ही आधी द्रव नायट्रोजनने गाठ गोठवतो, त्याने ती थोडी सैल पडते. नुसत्या स्टिरॉइडला दाद नसेल तर त्यात ५-फ्लुरोयुरॅसिल हे कर्करोगावरचं औषध मिसळून देतो. गर्भवतींना ते अजिबात देत नाही. दुष्परिणाम सांगतो, कारण ते लपवणं बरोबर नाही: भोवतालची कातडी पातळ होते, पांढरट डाग पडतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, स्त्रियांमध्ये काही वेळा पाळी पुढे-मागे होते. डाग पुढे बहुधा भरतो. खाज आणि ठणका मात्र पहिल्या काही इंजेक्शनांतच कमी होतो, आणि माझ्या रुग्णांना त्याचंच जास्त अप्रूप असतं.

हट्टी केलॉइड कापून एक-दोन दिवसांच्या आत रेडिएशन देतात. परत येण्याचं प्रमाण त्याने बरंच घटतं. मुलांना आणि तरुण स्त्रियांच्या छातीवर ते शक्यतो टाळतो. तुम्हाला मी आधी इंजेक्शनंच सुचवेन. आणि उपचार मध्येच सोडू नका. सपाट झाल्यावरही वर्षभर लक्ष ठेवावं लागतं.

चंद्रकोर

कानाच्या पाळीबद्दल: मला तिशीत कानाला दुसरं भोक पाडल्यावर केलॉइड आला, लहानपणी सोनाराकडून टोचलेल्या पहिल्या भोकाला मात्र काही झालं नव्हतं. असं का?

अंजनवेल

@चंद्रकोर, वयाच्या अकराव्या वर्षानंतर टोचलेल्या कानांना केलॉइड जास्त येतो, असं दिसलेलं आहे. आपल्याकडे तान्हेपणी कान टोचतात ते या दृष्टीने बरंच. पाळीचा केलॉइड कापला तर नंतर काही महिने दाबाची क्लिप घालावी लागते, सोबत इंजेक्शनं. घरात कोणाला केलॉइड असेल तर मोठेपणी नवी भोकं, गोंदवणं, छातीच्या पुळ्या फोडणं, हे सगळं टाळा. मुलींना हे आवर्जून सांगा.

रानफूल

माझ्या आजीने आम्हाला सगळ्या जखमांना हळद आणि तूप लावलं आणि आमच्या अंगावर वण नाहीत. जुन्या उपायांना एकदम मोडीत काढू नये असं वाटतं. मी व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावते, तेही सगळे सुचवतात.

गोदाकाठ

@रानफूल, आजीने जखम स्वच्छ ठेवली, झाकली आणि कोरडी पडू दिली नाही, हे तिने बरोबरच केलं. ओलसर झाकलेली जखम उघड्या कोरड्या जखमेपेक्षा लवकर भरते, "हवा लागू दे" हा सल्ला चुकीचा आहे. उथळ खरचटणं असतं तेव्हा वण पडतच नाही, काहीही लावा. खोल जखम आणि भाजणं यांना मात्र घरचं तूप किंवा हळद नको, ते निर्जंतुक नसतं.

जखम पूर्ण बंद झाल्यावर खोबरेल तेलाने मालीश जरूर करा. दिवसातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं, अंगठ्याने दाबून वणाचा रंग क्षणभर फिका पडेल इतक्या जोराने गोल फिरवा. इथे दाब महत्त्वाचा, तेल कुठलं ते नाही.

व्हिटॅमिन ईबद्दल मात्र स्पष्ट सांगते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात एकाच वणाच्या अर्ध्या भागाला ते लावून बघितलं होतं. बहुतेकांना काही फायदा झाला नाही आणि तिघांपैकी एकाला त्वचेची ॲलर्जी आली. पैसे सिलिकॉनवर घाला.

वेताळटेकडी

चेहऱ्यावर मुरुमांचे खड्डे आहेत. पार्लरमध्ये सुयांचा रोलर फिरवतात, घरीही मिळतो. घ्यावा का?

अंजनवेल

घरी नको, पार्लरमध्ये नको. जंतुसंसर्ग झाला तर नवे खड्डे पडतील. आधी मुरूम पूर्ण आटोक्यात आणा, नाहीतर एकीकडे भरायचं आणि दुसरीकडे नवं पडायचं. मुरुमांनंतरचे काळे-तपकिरी डाग हे वण नव्हेत. ते उन्हापासून जपलं तर काही महिन्यांत फिके होतात.

खड्डे एकाच प्रकारचे नसतात. अरुंद, खोल असतील तर त्यांच्या तळाशी ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा थेंब टेकवतात. आतले तंतू खाली ओढत असल्याने झालेले उथळ खळगे असतील तर सुईने ते तंतू सोडवतात. रुंद, उभ्या कडांचे असतील तर लेझर किंवा डॉक्टरांकडचं मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं). आपल्या रंगाच्या त्वचेवर लेझर जपून, कमी तीव्रतेने चालवावं लागतं, नाहीतर काळे पट्टे उठतात. निम्म्याने सुधारणा झाली तरी चांगला परिणाम समजा. कोणी पूर्ण गुळगुळीत करून देतो म्हणालं तर तिथून निघा. आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टिरॉइड घातलेली गोरेपणाची मलमं चेहऱ्याला लावू नका. त्यांनी कातडी पातळ होते.

जाईचा_मांडव

माझ्या सासऱ्यांच्या पोटरीवर लहानपणी भाजल्याचा मोठा वण आहे. पन्नास वर्षांचा जुना. गेल्या वर्षभरात त्यातली एक जागा सतत फुटते, पाणी येतं, भरते, पुन्हा फुटते. ते म्हणतात जुनंच आहे, मलम लावतात. यावर सिलिकॉन चालेल का?

गोदाकाठ

@जाईचा_मांडव, सिलिकॉन नको, उघड्या जागेवर ते लावतच नाहीत. आणि कृपया हे पुढे ढकलू नका. जुन्या भाजलेल्या वणात महिनोन् महिने न भरणारी जखम झाली तर तिचा तुकडा काढून तपासावाच लागतो. अशा वणात अनेक वर्षांनी, कधी तीस-चाळीस वर्षांनीही, त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. प्रत्येक फुटणारा वण म्हणजे तेच असं अजिबात नाही, पण लवकर सापडला तर तेवढा भाग काढून काम भागू शकतं. त्यांना समजावून सर्जनकडे घेऊन जा.

अंजनवेल

वरच्याला पूर्ण दुजोरा. बायोप्सी करूनच घ्या.

पाऊलखुणा

काल दाखवून आलो. स्प्लिंट बनवून दिलं. डॉक्टर म्हणाले सध्या शस्त्रक्रिया नको, तीन महिने हे करून बघू. काल रात्री दोनदा काढून टाकलं त्याने, पण आज दुपारी झोपेत घातलं तर राहिलं. ताई, खूप आभार.

गोदाकाठ

@पाऊलखुणा, वाचून फार बरं वाटलं. काढून टाकत असेल तर वरून मऊ मोजा चढवा. पट्ट्यांखाली लाल खुणा दिसल्या आणि अर्ध्या तासात गेल्या नाहीत तर स्प्लिंट घेऊन लगेच परत जा, ते घासतंय.

बालाघाट

बहिणीचा गळा आणि छाती स्टोव्हच्या भडक्यात भाजली, पाच महिने झाले. गावाकडे आहे. मान वर होत नाही, खालचा ओठ ओढला जातोय. जिल्ह्याच्या ठिकाणी दाबाचे कपडे घाला म्हणाले, पण ते काय असतात आणि खर्च कसा करायचा कळत नाही. ती कोणासमोर येत नाही आता.

गोदाकाठ

@बालाघाट, दादा, आज रात्रीपासून एक गोष्ट करा: तिची उशी काढून टाका. टॉवेलची गुंडाळी करून खांद्यांखाली ठेवा, म्हणजे मान मागे ताणलेली राहील. उशीवर हनुवटी खाली घेऊन झोपलं की बरं वाटतं, पण ज्या स्थितीत बरं वाटतं त्याच स्थितीत वण आखडतो. दिवसातून पाच-सहा वेळा छताकडे बघायला लावा, तोंड बंद ठेवून, गळ्याला ताण जाणवेपर्यंत.

दाबाचे कपडे म्हणजे तिच्या मापाने शिवलेले घट्ट लवचिक कापडाचे. दिवसाचे तेवीस तास घालायचे, अंघोळ आणि मालीश एवढ्यापुरते काढायचे. दोन जोड लागतात. तीनेक महिन्यांत कापड सैल पडतं, मग नवीन. वण मऊ, सपाट आणि फिका होईपर्यंत, म्हणजे वर्षभर तरी. गळ्यासाठी त्याच्यावर साचा करून कॉलर लागेल.

ओठ ओढला जातोय म्हणजे शस्त्रक्रियेचा सल्ला आत्ताच घ्यायला हवा, थांबून चालणार नाही. भाजण्याच्या आणि आखडलेला भाग सोडवण्याच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. शस्त्रक्रियेनंतरही कॉलर आणि व्यायाम वर्षभर करावेच लागतात, नाहीतर पुन्हा आखडतं, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

आणि तिला एकटीला बसू देऊ नका. आमच्या वॉर्डातून बरी होऊन गेलेल्या बायका नवीन रुग्णांशी बोलायला येतात. जिथे जाल तिथे अशी सोय आहे का विचारा. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं तरी जे पटत नाही ते त्या एकदा सांगतात आणि पटतं.

बालाघाट

उशी आजच काढतो. सोमवारी कागद घेऊन निघतो. घरून निघताना काय काय सोबत घेऊ?

गोदाकाठ

पहिल्या उपचारांचे सगळे कागद, डिस्चार्ज कार्ड, रेशन कार्ड, आधार, भाजल्यापासूनचे मोबाईलमधले फोटो असतील तर तेही, आणि पुढून बटणं असलेला सैल सुती झगा, म्हणजे तपासताना तिला डोक्यावरून कपडा काढावा लागणार नाही. उन्हात गळा झाकण्यासाठी सुती ओढणी. पोचल्यावर इथे कळवा.